सहाशे दहा नंबरची गाठ

मी पोटासाठी नेमकं काय काम करत होतो, हे आमच्या घरात आजही कुणाला धड सांगता येत नाही. लग्नकार्यात पाहुण्यांनी विचारलं की बायको म्हणते, "जिनिंगमध्ये कम्प्युटरवर होते." मुलगी म्हणते, "प्लॅनिंग." त्यातल्या त्यात बरोबर सांगायची ती माझी आई : "त्यो कापसाला रांगंत हुबा करतो."

तेच करत होतो. बीडहून चौसाळ्याकडे जाताना हायवेला लागून आमचा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना होता. शेतकऱ्याचा कापूस आवारात उतरतो, त्याच्या गंज्या लागतात. गंजीतून तो मोठ्या नळानं हवेच्या जोरावर आत ओढला जातो, साफ होतो, जिनावर जातो. तिथं रुई वेगळी, सरकी वेगळी. सरकी एका पट्ट्यावरून सरकीघरात, रुई दुसऱ्या पट्ट्यावरून प्रेसमध्ये. प्रेस ती दाबून गाठ बांधते, गाठ गोदामात जाते, गोदामातून ट्रकमध्ये. कुठली गंजी कधी उचलायची, जिनं किती वेगानं फिरवायची, गाठ कुठल्या थप्पीला लावायची, कुठल्या ट्रकला काय द्यायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे मी. यंत्रं सगळी आपोआप चालत. आपोआपचा अर्थ एवढाच, की पुढं कुठंही जागा संपली की ती आपोआप थांबतही.

हे मला यंत्रणेच्या पहिल्याच महिन्यात कळलं. शेटजींनी नवी यंत्रणा बसवली होती आणि मी रंगीत तक्ता केला होता. हिरवा रंग रुईचा, पिवळा गाठींचा. जिनांचा वेग वाढवला. सकाळी सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते, दुपारी सगळा कारखाना चिडीचूप. झालं काय, तर तक्त्यात सरकीला रंगच नव्हता. कापसाच्या वजनात दोन वाटे सरकी आणि एक वाटा रुई, आणि मी त्या दोन वाट्यांना विसरलो होतो. सरकीघर छतापर्यंत भरलं, पट्टा अडला, पट्टा अडला म्हणून जिनं थांबली, जिनं थांबली म्हणून प्रेस थांबली. तेलमिलचा ट्रक दुसऱ्या दिवशी आला, तोवर शंभर माणसं आवारात बसून माझ्या नावानं शेंगदाणे खात होती.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "एवढं शिकून हे कळलं नाही? भाकरी किती भरभर थापता त्याला काय करायचं? तव्यावर जागा पाहिजे ना." उत्पादनाच्या नियोजनावर यापेक्षा शहाणं वाक्य मी पुढं कधी ऐकलं नाही.

त्यानंतर मात्र मी सुधारलो. इतका सुधारलो, की जरा बिघडलोच. पडद्यावर सगळा कारखाना दिसायचा : कुठल्या नळात कापूस आहे, प्रेसमध्ये कितवी गाठ आहे, किती वाजता बांधली गेली. एकदा एक म्हातारा शेतकरी केबिनच्या दारात येऊन म्हणाला, "साहेब, माझा कापूस आता कुठं हाय?" मी त्याला पडद्यावरची हिरवी रेघ दाखवली. तो वाकून बघत राहिला. म्हणाला, "लई शिस्तीत चाललाय की. आमच्या घरी असं कुनीच चालत न्हाई." आणि त्यानं पडद्याला हात जोडले. मला हसू यायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, आणि मी माझ्या टेबलावर एक मांडून बसलो होतो. फरक इतकाच, की त्याला नैवेद्य लागत नव्हता, वीज लागत होती.

आता ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्यांच्याकडे येतो.

अंकुशमामा आमच्या गोदामाचे मुकादम. गाव धारूरकडचं. हंगामात कारखान्यातच राहायचे, हंगाम संपला की गावी. प्रेसमधून गाठ बाहेर आली की ते तिच्यावर पत्र्याचा साचा ठेवून काळ्या रंगानं नंबर मारायचे, मग ती कुठल्या थप्पीला जायची ते गाडीवाल्याला सांगायचे. वय साठीच्या आतबाहेर. कानावर कायम एक बिडी. ती ओढायची असली की गेटबाहेरच्या लिंबाखाली जाणार, ओढणार, पायानं विझवणार, वर मूठभर माती टाकणार आणि मग आत येणार. माझ्या पडद्याचं त्यांना कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. मी गाठ कुठंय ते विचारलं की म्हणायचे, "तुमच्या टीव्हीत बगा की. मला कावून इचारता?"

जिनिंगवाल्याला एकाच गोष्टीची भीती असते. कापूस वेचताना त्यात खडा येतो, खिळा येतो, एकदा तर अख्खा विळा आला होता. लोहचुंबक, जाळ्या, सगळं असतं, पण एखादा खडा निसटतो, फिरत्या लोखंडाला लागतो आणि ठिणगी पडते. मोठा जाळ झाला तर सगळ्यांना दिसतो, पाणी मारता येतं. खरी भीती न दिसणाऱ्या ठिणगीची. ती रुईबरोबर प्रेसमध्ये जाते आणि गाठीच्या पोटात दाबली जाते. आत हवा कमी म्हणून भडकत नाही, विझतही नाही. चार दिवस, आठ दिवस आतल्या आत धुमसते. बाहेरून गाठ थंडगार, पांढरीशुभ्र. मग एक दिवस धग बाहेर येते.

म्हणून नियम असा : नळात ठिणगी दिसली की यंत्रणा शिट्टी मारते. त्या वेळी प्रेसमध्ये असलेली गाठ आणि पुढच्या अर्ध्या तासात बांधलेल्या गाठी वेगळ्या काढायच्या, आवाराच्या टोकाला उघड्यावर ठेवायच्या आणि आठ दिवस तिकडं बघायचं. त्या कुठल्या, हे पूर्वी वही सांगायची, यंत्रणा आल्यावर पडदा सांगू लागला. मी ते नंबर कागदावर लिहायचो, अंकुशमामा त्या नंबरच्या गाठी काढायचे. हंगामात दोन-तीनदा असं व्हायचं. कधी काही निघालं नव्हतं.

यंत्रणा आली त्या वर्षी शिट्टी वाजली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. मी पडदा बघितला. सहाशे अकरा ते सहाशे सोळा, सहा गाठी. चिठ्ठी दिली. मामांनी तासाभरात सहाही गाठी नंबर बघून टोकाला नेऊन ठेवल्या. मी स्वतः जाऊन मोजल्या, प्रत्येकीवरचा नंबर वाचला. बरोबर होत्या. मी यंत्रणेत तशी नोंद केली आणि चहा मागवला.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मामा केबिनमध्ये आले. मॅनेजरसाहेब माझ्यासमोर बसले होते, दोन ट्रकवाले दाराशी उभे होते.

"साहेब, तिसऱ्या थप्पीपाशी वास येतोय."

"कसला?"

"करपट. चिंधी जळल्यावानी. आता यतो, आता जातो."

मी पडदा बघितला. तिसऱ्या थप्पीत सगळ्या बिनधोक गाठी होत्या. म्हणालो, "मामा, त्या सहाही गाठी बाहेर आहेत. तुम्हीच नेल्या. आत काही नाही."

"तुमच्या कम्पूटरला नाक हाय का पन?"

ट्रकवाले हसले. बाजी मामांकडं जाते आहे असं मला वाटलं असावं. मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग. घरी जेवताना, सासुरवाडीत, मयताला गेल्यावरसुद्धा मी चार माणसांना हसवल्याशिवाय उठत नाही. म्हणालो, "त्याला नाही, पण तुमच्या नाकात चाळीस वर्षांची बिडी आहे मामा. जिथं जाल तिथं करपटच वास येणार."

मोठा हशा झाला. मॅनेजरसाहेब तर टेबलावर हात आपटून हसले. अंकुशमामाही हसले. कानावरची बिडी चाचपली आणि गेले.

पंचवीस-तीस मिनिटांनी गोदामाच्या झरोक्यातून धूर निघाला.

आगीचं वर्णन करत नाही. बीडहून बंब येईपर्यंत गोदामाचा अर्धा पत्रा खाली आला होता. सगळे जेवायला गेलेले म्हणून जीव कुणाचा गेला नाही. आत एकच माणूस सापडला, अंकुशमामा. दोघांनी ओढून बाहेर आणलं. भुवया जळाल्या होत्या, दोन्ही पंजे भाजले होते, खोकून खोकून बोलता येत नव्हतं.

सुट्टीच्या वेळी एकटा माणूस बंद गोदामात काय करत होता? चौकशीत पहिला प्रश्न हाच निघाला. ते म्हणाले, "वास हुडकत हुतो." थप्पीच्या एकेका गाठीला हात लावून, नाक लावून बघत होते. लिहून घेणाऱ्यानं मान वर केली नाही. मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "याच्या कानावर बिडी असतेच. त्या दिवशी आमचे जोगदंडसाहेबच म्हणाले होते, मामा जाईल तिथं करपट वास येतो." दोन ट्रकवाल्यांनी दुजोरा दिला. हो, साहेब तसं म्हणाले होते, आम्ही हसलो होतो.

जोगदंडसाहेब म्हणजे मीच. मला विचारलं, "असं म्हणालात का?" म्हणालो, "म्हणालो, पण ती थट्टा होती." त्यांनी "म्हणालो" एवढंच लिहून घेतलं.

तरी तोपर्यंत मलाही खरं कारण माहीत नव्हतं. अगदी मनातलं सांगायचं तर त्या दिवसांत मीही धरून चाललो होतो, की ओढली असेल म्हाताऱ्यानं. पडद्यावर सहा गाठी बाहेर होत्या. मग आत दुसरं काय असणार?

आठ दिवस झाल्यावर मी उघड्यावरच्या सहाही गाठी फोडून बघितल्या. आतून स्वच्छ. काळा ठिपकासुद्धा नाही. ठिणगी तर यंत्रणेनं पाहिली होती. ती गेली कुठं? हे डोक्यात घेऊन मी प्रेसघरात गेलो. प्रेसघर आगीतून वाचलं होतं. कोपऱ्यात मुहूर्ताची गाठ होती.

बाहेरच्यांना हे सांगायला हवं. हंगामाची पहिली गाठ आमच्याकडं विकत नाहीत. शेटजी सहकुटुंब येतात, गाठीला हळदकुंकू लावतात, हार घालतात, वर बेलाचं पान ठेवतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. ती गाठ प्रेसशेजारी हंगामभर बसून असते आणि सगळ्यात शेवटी जाते. तिच्यावर रंगानं नंबर मारायचा नाही, ही जुनी रीत. एक नंबर पडतो तो दुसऱ्या गाठीवर. हातानं लिहीत होतो तोवर यात काही अडत नव्हतं. त्या वर्षी यंत्रणा नवी होती. पूजा झाली तेव्हा मी तिथं पेढा खात उभा होतो. आणि प्रेसला पूजा कळत नाही, तिनं गाठ दाबली आणि मोजली. एक.

म्हणजे पडद्यावरची दुसरी गाठ ती मामांच्या रंगानं पहिली. पडद्यावरची सहाशे अकरावी ती गोदामातली सहाशे दहावी. हंगामभर सगळंच एकानं सरकलेलं. कुणाला कळलं कसं नाही? कारण एकूण मोजणी दर आठवड्याला जुळायची. गोदामातल्या गाठी अधिक मुहूर्ताची एक, तंतोतंत. मी ती एक मिळवायचो आणि खूश व्हायचो.

सहाशे दहा नंबर मारलेली गाठ तिसऱ्या थप्पीत होती. ठिणगी पडली तेव्हा प्रेसमध्ये होती ती हीच. आणि तिच्याऐवजी मी सहाशे सोळा नंबरची एक निरपराध गाठ आठ दिवस उन्हात ठेवली होती.

 तिथून तडक मॅनेजरसाहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दार लावलं.

"जोगदंड, कागद वर गेलेत."

"बदलता येतील."

"येतील. मग तिथं तुमचं नाव येईल. मुलगी बीडला क्लासला आहे ना तुमची? यंदा बारावी?" ते रागानं बोलत नव्हते, म्हणून जास्त लागलं. "त्या म्हाताऱ्याचं काय, एक-दोन हंगाम राहिले होते. घरी बसला तर हात तरी बरे होतील. विचार करा."

मी विचार केला. विचार करतो म्हणजे काही करत नाही, हे आता या वयात मान्य करायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी मी यंत्रणेतले आकडे एकानं मागं घेतले. पाच मिनिटांचं काम होतं. पुढच्या हंगामात अंकुशमामांना बोलावणं गेलं नाही. नवा मुकादम आला, त्याच्या कानावर काही नव्हतं. मी रोज तक्ते करत राहिलो, माणसांना हसवत राहिलो, फक्त वासावर कधी बोललो नाही.

कारखाना गेल्या वर्षी बंद पडला. यंत्रं उचलून कुणी दुसरीकडं नेली. हे लिहायचं धाडस त्यामुळंच झालं, तेही सांगून टाकतो. नाहीतर वाचकांना वाटायचं की माणूस शूर आहे.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून कारखान्यातले गमतीदार अनुभव मागितले. मी आनंदानं बसलो. सरकीचा किस्सा लिहिला, शेतकऱ्याचा लिहिला. मग हात आपोआप पुढं गेला आणि कागदावर आलं : "तुमच्या कम्पूटरला नाक हाय का पन?" वाक्य छानच आहे. पुढचं माझं वाक्य मात्र हातातून उतरेना. दोन दिवस कागद तसाच पडला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "जाऊन या ना एकदा." तिला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात माणूस झोपेत काय काय बोलतो कुणास ठाऊक.

धारूरला उतरून विचारत विचारत गेलो. गावाबाहेर, चढाला लागून घर. अंकुशमामा ओसरीवर बसले होते. भुवया पुन्हा आल्या होत्या, पांढऱ्या. कान रिकामा. मला बघून उठायला लागले.

"बसा साहेब. ए, जोगदंडसाहेब आलेत बग, कारखान्याचे."

आतून मामी आल्या, पाणी ठेवलं, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो, सवयीनं एक विनोदही करून बघितला. कुणी हसलं नाही. मग मी सांगितलं. मुहूर्ताची गाठ, एकानं सरकलेले नंबर, सहाशे दहा, सगळं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी सहाशे दहा आणि सहाशे अकराची अदलाबदल केली.

मामा जमिनीकडं बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे मी न्हाई?"

"तुम्ही नाही मामा."

"न्हाई, कसं हाय साहेब," ते भाजलेल्या पंजाची कातडी चोळत म्हणाले, "पयले सहा म्हयने मी सांगत हुतो सगळ्यांला, मी न्हाई म्हनून. मंग समदेच म्हनाया लागले, ध्यानात ऱ्हायलं नसंल तुमच्या. एवढी मानसं म्हनत्यात म्हंजे... मंग मलाबी दिसाया लागलं. लिंबाखाली इझवलेली त्या दिवशी, का न्हाई? माती टाकलीती का? राती डोळं मिटलं की दिसतं, मी पेटती बिडी कानावर ठिवून आत चाललोय." त्यांनी रिकामा कान चाचपला. "तुमाला कवा कळालं म्हनलात?"

"चार दिवसांनी."

"आगीच्या चार दिसांनी?"

"हो."

त्यांनी मान हलवली. शिवी देतील असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, "मंग दोन वर्सं कावून लावली?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. मुलीची बारावी, नोकरी, मॅनेजर. वाटेत एसटीत मी ते नीट जुळवूनही ठेवलं होतं. तिथं ओसरीवर त्यातला एकही शब्द बाहेर काढायची लाज वाटली.

मामी तेवढ्यात पहिल्यांदा बोलल्या. माझ्याशी नाही, नवऱ्याशी. "आन मी तुमाला चुलीपाशी यऊ दिलं न्हाई." मग माझ्याकडं वळून, जणू हिशेब माझ्यापुढं मांडायला पाहिजे म्हणून, "दोन वर्सं झाली, घरात काडेपेटी लपवून ठिवते साहेब मी. नातवंडं हायती. मानूस झोपला का ते बगून मंग मी झोपते."

त्या आत गेल्या. डबे हलवल्याचा आवाज आला, मग कोठीतलं काहीतरी सरकवल्याचा. बाहेर आल्या तेव्हा फडक्याच्या गाठीतून काडेपेटी सोडवत होत्या. त्यांनी ती नवऱ्याच्या पुढ्यात, अगदी हाताशी ठेवली आणि बाजूला झाल्या.

मामांनी तिच्याकडं बघितलं. आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत होतो. उन्हं अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत मी बसलो, एसटीची वेळ झाली म्हणून उठलो, तोवर काडेपेटी तिथंच होती. त्यांनी हात लावला नव्हता.